दंडावरचा वण

बालमित्रांनो,

या आठवड्याच्या टपालात जामखेडहून एक पत्र आलं आहे. लिहिणारी आहे सातवीतली एक मैत्रीण. 'नाव छापू नका' असं तिनं खाली दोनदा रेघ मारून लिहिलंय, म्हणून नाव सांगत नाही. पत्र मात्र तुम्हा सगळ्यांना वाचून दाखवण्यासारखं आहे.

"डॉक्टरकाकांना साष्टांग नमस्कार. नाताळच्या सुट्टीत माझे मुंबईचे मामा आम्हाला मोठ्या बोटीतून गोव्याला नेणार आहेत. बोटीवर पोहायचा तलाव असतो, नाच-गाणी असतात, आणि गोव्यात ३१ डिसेंबरला मोठा जल्लोष असतो म्हणे. मी, आई, पप्पा आणि माझा आठ महिन्यांचा भाऊ असे सगळे जाणार. पण आई म्हणते, आधी तुझं लसीकरणाचं कार्ड घेऊन दवाखान्यात जाऊ. त्यात गोवराच्या दुसऱ्या डोसाची जागा रिकामी आहे. पहिल्या डोसानंतर मला ताप आला होता, म्हणून आत्या म्हणाली होती, आता राहू द्या. काका, मला सुईची फार भीती वाटते. आमच्या वर्गात कुणालाच गोवर झालेला नाही. जो आजार कुठे दिसतच नाही, त्याच्यासाठी टोचून कशाला घ्यायचं? आणि नाही घेतलं, तर नुकसान माझंच ना? दुसऱ्या कुणाचं तर नाही ना?"

शाब्बास पोरी! मनातलं सगळं खरं खरं लिहिलंस. तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. त्याचं उत्तर देतो, पण आधी एक काम कर. बाकीच्यांनीही करा.

आजीजवळ किंवा आजोबांजवळ जा आणि त्यांचा हात बघा. दंडावर, नाहीतर मनगटाच्या थोडं वर, एक गोल, खोलगट, रुपयाएवढा वण दिसेल. कुणाच्या हातावर एक, कुणाच्या हातावर दोन. मग स्वतःचा डावा दंड बघा. तिथेही बहुतेकांना एक लहानसा वण सापडेल. तुमचा वण आहे बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लशीचा. जन्मल्याबरोबर टोचलेली ती लस. पण आजीच्या हातावरचा तो मोठा गोल वण तुमच्या हातावर नाही. का नाही?

कारण तो देवीच्या लशीचा वण आहे, आणि देवीचा रोग आज पृथ्वीवर कुठेच उरलेला नाही. अंगभर फोड यायचे. रोगी वाचला तरी चेहऱ्यावर खड्डे राहायचे, कित्येकांचे डोळे जायचे. भारतातला शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात सापडला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, की देवी जगातून गेली. ती गेली म्हणून लस थांबली, आणि लस थांबली म्हणून तुमच्या हातावर वण नाही. तुमच्या आजीच्या पिढीनं टोचून घेतलं, म्हणून तुम्हाला घ्यावं लागलं नाही.

आता तुझ्या बोटीकडे वळू या. तुझी बोट सहलीची. मी तुला दुसऱ्या एका जहाजाची गोष्ट सांगतो. त्या जहाजावर २२ मुलं होती. सगळ्यात लहान ३ वर्षांचं, मोठं ९ वर्षांचं.

देवीवरची लस शोधली इंग्लंडच्या एडवर्ड जेन्नर नावाच्या डॉक्टरनं, १७९६ साली. गाईंना एक सौम्य रोग व्हायचा, गोस्तन देवी. धार काढणाऱ्या बाईच्या हातावर त्याचे फोड आले, तर तिला खरी देवी येत नाही, असं लोक म्हणत. जेन्नरनं अशाच एका बाईच्या फोडातलं पाणी घेतलं आणि एका आठ वर्षांच्या मुलाच्या हातात टोचलं. पुढे त्याला खऱ्या देवीचं विष टोचून पाहिलं, तर मुलाला काही झालं नाही. (आज असा प्रयोग कुठलाही डॉक्टर करू शकणार नाही, आणि करूही नये!) फोडातून पाझरणाऱ्या अशा पाण्याला आपण मराठीत 'लस' म्हणतो. तोच शब्द पुढे सगळ्या टोचण्यांना चिकटला.

लस सापडली खरी, पण ती दूरच्या देशात न्यायची कशी? तेव्हा फ्रीज नव्हता, बर्फाचा डबा नव्हता. दोऱ्यावर किंवा काचेवर वाळवून पाठवली, तर लांबच्या प्रवासात ती निकामी व्हायची. मग स्पेनच्या राजाच्या डॉक्टरनं, बाल्मिस त्याचं नाव, एक युक्ती काढली. लस न्यायची ती मुलांच्या हातातून!

१८०३ च्या नोव्हेंबरात स्पेनच्या ला कोरुन्या बंदरातून 'मारिया पिता' हे जहाज निघालं. त्यावर ती २२ मुलं होती, सगळी अनाथाश्रमातली. त्यांना सांभाळायला होती इसाबेल सेंदाल नावाची बाई. तिचा स्वतःचा मुलगाही त्यांतच होता. निघताना दोन मुलांना लस टोचली. नऊ-दहा दिवसांत त्यांच्या हातावर फोड पिकले. त्यातली लस काढून पुढच्या दोघांना टोचली. ते फोड पिकले, की त्यापुढच्या दोघांना. असं करत करत जहाजानं अटलांटिक महासागर ओलांडला. एका वेळी एकाच मुलाला का टोचलं नाही? एकाचा फोड चुकून फुटला किंवा नीट उठलाच नाही, तर सगळी साखळी तिथेच तुटली असती. म्हणून दोघं दोघं. आणि ज्यांची पाळी यायची होती, त्यांना टोचून झालेल्यांपासून दूर ठेवायचं. नाहीतर खेळता खेळता हाताला हात घासायचा आणि पाळीच्या आधीच लस लागायची. बावीस पोरांना बोटीवर असं वेगवेगळं ठेवणं म्हणजे काय काम असेल, ते तुमच्या वर्गशिक्षिकेला विचारा!

लस पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत पोचली. वेस्ट इंडीज, व्हेनेझुएला, मेक्सिको असे कितीतरी देश तिनं पाहिले. पुढे मेक्सिकोतली आणखी २६ मुलं घेऊन बाल्मिस प्रशांत महासागर ओलांडून फिलिपिन्सला गेला. स्पेनची ती मुलं मात्र परत मायदेशी गेली नाहीत, मेक्सिकोतच राहिली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, 'बाळांनो, येता का?' म्हणून. ही गोष्ट वाचताना मला दर वेळी ते खटकतं. तुम्हालाही खटकलं, तर ते बरोबरच आहे. पण त्या पोरांच्या हातांनी किती जीव वाचले, तेही विसरून चालणार नाही.

आपल्याकडे लस आली ती याच्याही आधी. इंग्लंडहून जहाजानं पाठवलेली लस वाटेतच निकामी व्हायची. अखेर ती व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करत आली, आणि बसऱ्याहून जहाजानं मुंबईला. १४ जून १८०२ या दिवशी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत ती टोचली. भारतात देवीची लस यशस्वीपणे घेणारं हे पहिलं माणूस! तिच्या हातावरच्या फोडातून आणखी पाच जणांना, त्यांच्यापासून आणखी इतरांना, अशी ती लस पुढे पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास असा देशभर प्रवास करत गेली. म्हणजे आपल्या देशातली साखळी सुरू झाली, ती एका तीन वर्षांच्या पोरीच्या हातापासून.

मुंबईत लस आली १८०२ साली. मुंबईहून जामखेड तीनशे किलोमीटरच्या थोडं वर. मग इथल्या गावागावांत लसीकरण नीट पोचायला किती दिवस लागले असतील? आठवडा? महिना? वर्ष?

ऐका तर. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर पती-पत्नी जामखेडला आले आणि त्यांनी समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हाच्या प्रकल्पाच्या नोंदी काय सांगतात? जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिल्या वाढदिवसाच्या आतच जात. म्हणजे साधारण सहांतलं एक! आणि घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ यांच्या लशी किती मुलांना मिळाल्या होत्या? दोनशे मुलांत एकाला. म्हणजे मुंबईत पहिली लस आल्यावर पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी जामखेडची १९९ मुलं साखळीबाहेरच होती.

हे मला पुस्तकात वाचायची गरज नाही. मी याच भागातल्या एका वाडीवर वाढलो. 'टोचणारे आले' अशी आरोळी उठली, की आम्ही पोरं ज्वारीच्या रानात पळायचो. घरातली मोठी माणसंच म्हणायची, 'पळ, दडून बस.' गोवर आला की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा. 'बाया आल्यात' म्हणायचे. घरात फोडणी द्यायची नाही, पोराला धड खायला द्यायचं नाही. माझ्या बाकावर बसणारा मित्र होता. फार हुशार, पाढे तर माझ्याआधी म्हणायचा. त्याला शाळेत येण्याआधी गोवर झाला होता. गोवर गेला, पण जाताना एक डोळा घेऊन गेला. तो फळ्याकडे बघताना मान वाकडी करायचा, आणि आम्ही मूर्ख पोरं त्याला हसायचो. पुढे डॉक्टरकी शिकताना कळलं, की कुपोषित मुलाला गोवर झाला तर डोळ्याचं बुबूळ खराब होऊ शकतं. तेव्हा मला त्या हसण्याची जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

मग जामखेडची गावं बदलली कशी? नुसती सुई आणून नाही. आरोळे पती-पत्नींच्या ध्यानात आलं, की डॉक्टर गावाला परका असतो. मोटारीतून येतो, टोचतो आणि जातो. पोराला रात्री ताप आला तर आईनं विचारायचं कुणाला? म्हणून त्यांनी गावालाच सांगितलं, की तुमच्यातलीच एक बाई निवडा. गावांनी बाया निवडल्या. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येकी गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, गाणी रचायच्या आणि शिकलेलं घरोघरी नेऊन सांगायच्या. बाळाचं वजन करायचं, गरोदर बाईकडे लक्ष ठेवायचं, पाणी स्वच्छ ठेवायला सांगायचं, आणि लशीच्या दिवशी पोरं गोळा करायची. 'ताप येईल, पण एक-दोन दिवसांत उतरेल, मी उद्या सकाळी येऊन बघते' असं रोजच्या ओळखीची मावशी सांगते, तेव्हा आई पोराला घेऊन बाहेर येते.

प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७६ पर्यंत दर शंभरातल्या ८१ मुलांना लशी मिळू लागल्या होत्या, आणि १९९३ मध्ये ९२ मुलांना. बाळांचे मृत्यू हजारी १७६ वरून १९९३ पर्यंत १९ वर आले. हे सगळं एकट्या लशीचं श्रेय नाही बरं का. स्वच्छ पाणी, पोटभर अन्न आणि आईची काळजी यांचाही त्यात मोठा वाटा आहे. आरोळे पती-पत्नींना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे डॉक्टर शिकायला जामखेडला येऊ लागले. पुढे २००५ नंतर देशभर ज्या आशाताई नेमल्या गेल्या, त्यामागेही अशा कामांचा अनुभव होता.

यांतल्याच एक कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ. १९८८ साली त्या अमेरिकेत वॉशिंग्टनला एका मोठ्या परिषदेत बोलायला गेल्या. सभागृहात छताला झगमगती झुंबरं होती. मुक्ताबाईंनी ती दाखवली आणि मोठ्या डॉक्टरांना त्यांची उपमा दिली. सुंदर खरी, पण महागडी आणि हाताला न लागणारी. मग त्यांनी पिशवीतून दोन साध्या वातीच्या दिव्या काढल्या, एक पेटवली आणि तिच्यावर दुसरी लावली. झुंबराला हे जमत नाही, मला जमतं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. सगळं सभागृह उभं राहिलं म्हणतात.

बघा, जहाजावर लस हातातून हातात गेली, आणि जामखेडमध्ये विश्वास दिव्यावरून दिव्यावर.

आता पोरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. 'नाही घेतलं तर नुकसान माझंच ना?' नाही गं, तुझ्या एकटीचं नाही.

गोवर हा अतिशय संसर्गजन्य आजार आहे. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. संरक्षण नसलेली दहा माणसं रोग्याजवळ आली, तर त्यांतल्या नऊ जणांना तो होतो. आणि गंमत अशी, की अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच रोगी तो पसरवत असतो. तेव्हा त्याला वाटतं, साधी सर्दी आहे! मग तो शाळेत जातो, नागपंचमीच्या यात्रेत जातो, आणि बोटीवरही जातो. बोटीवर काय असतं? एकच जेवणघर, एकच जिना, एकच नाटकघर, आणि चहूकडे पाणी. आजार निघाला तर उतरून घरी जाता येत नाही.

२०१९ साली असंच झालं. वेस्ट इंडीजमधल्या सेंट लुसिया बेटावर एक प्रवासी जहाज थांबलं. त्यावर सुमारे ३०० माणसं होती आणि जहाजावरच्या एका कर्मचाऱ्याला गोवर झालेला. एकाला! तेवढ्यावरून कुणालाही किनाऱ्यावर उतरू दिलं नाही. बेटाच्या आरोग्य खात्यानं गोवराच्या लशीचे १०० डोस जहाजावर पाठवले. असं अडकवून ठेवण्याला 'क्वारंटाइन' म्हणतात, हे कोरोनाच्या वेळी तुम्ही ऐकलंच आहे. शब्द मूळचा इटालियन, 'क्वारंटा' म्हणजे चाळीस. व्हेनिसच्या बंदरात साथीच्या भीतीनं जहाजांना चाळीस दिवस ताटकळत ठेवत, त्यावरून तो आला. आणि गोवर फक्त दूरदेशीच होतो असं समजू नका. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीसारख्या दाट वस्तीत, गोवराची साथ आली आणि त्यात लहान मुलं दगावली.

आता तुझ्या भावाकडे बघ. तो आठ महिन्यांचा. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यानंतर मिळते आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. आईकडून मिळालेलं संरक्षण तोवर ओसरत आलेलं असतं. म्हणजे या घडीला त्याच्याजवळ स्वतःची ढाल नाही. मग त्याची ढाल कोण? तू! तुझे आई-पप्पा, मामा, आणि बोटीवरची सगळी माणसं. दर शंभरांतल्या पंचाण्णव जणांना दोन्ही डोस मिळालेले असले, तर गोवराला पुढे जायला वाटच सापडत नाही, आणि मधली लहान बाळं वाचतात. तुझ्या वर्गात गोवर दिसत नाही, तो यामुळेच. तो पळून गेलेला नाही, दाराबाहेर उभा आहे. दार तुझ्यासारख्यांनी लावून धरलंय.

आता सुईची भीती. ती मलाही वाटते, डॉक्टर असून! उपाय सांगतो. उपाशीपोटी जाऊ नकोस. हात ताठ धरू नकोस, सैल सोड. सुईकडे न बघता आईकडे बघ आणि मनात सातचा पाढा म्हण. 'सात चोक अठ्ठावीस'पर्यंत पोचशील, तोवर काम झालेलं असेल. नंतर हात दुखेल, कदाचित थोडा ताप येईल, क्वचित बारीक पुरळही येतं. ते एक-दोन दिवसांत जातं. तुझ्या लहानपणचा तो तापही असाच असणार. पण ही गोष्ट टोचण्याआधी डॉक्टरांना नक्की सांग. लपवायची नाही.

आई-वडिलांसाठी दोन ओळी. लशीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून सहलीच्या आदल्या दिवशी धावू नका, महिनाभर आधी कार्ड घेऊन जा. नऊ महिन्यांच्या आतलं बाळ घेऊन लांबच्या प्रवासाला निघणार असाल, तर त्याच्यासाठी काय करायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मोठ्या मुलांच्या दहाव्या आणि सोळाव्या वर्षाच्या धनुर्वात-घटसर्पाच्या लशीही बऱ्याच घरांत राहून जातात, तेवढ्या बघा. आणि घरातल्या आत्याबाईंवर रागावू नका. त्यांनी काळजीपोटीच सांगितलं होतं. त्यांनाही बरोबर दवाखान्यात न्या.

आता या आठवड्याचा गृहपाठ :

१. आजी-आजोबांच्या हातावरचा वण शोधा. तो कधी, कुठे आणि कुणी टोचला, तेव्हा ते पळाले होते का, हे विचारून पाच ओळी लिहा.

२. आपलं लसीकरणाचं कार्ड शोधून काढा. रिकामी जागा दिसली, तर आईला दाखवा.

३. आपल्या गल्लीत एक वर्षाच्या आतली बाळं किती आहेत, ते मोजा. त्या सगळ्यांची ढाल तुम्ही आहात.

आणि जामखेडच्या माझ्या मैत्रिणी, टोचून आल्यावर मला एक कार्ड टाक. पाढा कुठपर्यंत पोचला, तेही लिही. बोटीवर भावाला कडेवर घेऊन समुद्र दाखवशील, तेव्हा त्या २२ मुलांची आठवण काढ.

पुढच्या आठवड्यात भेटू.

तुमचा,
डॉक्टरकाका